स्वे बार काढून फेकू नका

पावसाळा तोंडावर आला की फोर बाय फोरवाल्यांमध्ये एक मेसेज हमखास फिरतो: "स्वे बार शहरातल्या लोकांसाठी असतो. काढून टाका, गाडी कुठेही चढेल. रस्त्यावर थोडी झुलेल, एवढंच. जीपवाले स्वतःच रुबिकॉनमध्ये बार सोडायचं बटण देतात." यातलं 'चढेल' तेवढं अर्धं खरं आहे. बाकीचं वाचून माझ्या ओळखीच्या दोघांनी बार काढून गॅरेजच्या कोपऱ्यात टाकलेत, म्हणून हे लिहितोय.

बार म्हणजे वळणावर गाडी कमी झुकावी म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, दोन्ही टोकांना वाकवलेली पोलादी दांडी. एक चाक वर आणि दुसरं खाली जाऊ लागलं की ती पिळली जाते आणि दोघांना एका पातळीत ओढते. ओढ्यातल्या दगडांवर हेच नडतं. एक चाक हवेत लटकतं, साध्या डिफरन्शियलमुळे (इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारे गिअर) तेच गरागरा फिरत राहतं आणि गाडी जागची हलत नाही. बार सोडला तर ते चाक उतरून जमिनीला टेकतं. जिमनीसारख्या, पुढेही दोन्ही चाकांना जोडणारा एकच अख्खा अ‍ॅक्सल असलेल्या गाडीत हा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो. थार किंवा फॉर्च्युनरला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वेगळं वर-खाली होतं. तिथे चाक किती उतरणार हे मुख्यतः चाक धरणारे आर्म आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर ठरवतात, त्यामुळे फायदा बेताचाच. आणि आडव्या उतारावर, एका बाजूची दोन्ही चाकं खाली असताना, बार सुटलेली गाडी दरीकडे जास्त कलते. तिथे तो जोडलेलाच हवा.

"थोडी झुलेल, एवढंच" हे वाक्य सगळ्यात घातक. वळणावर आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. किती जातं ते वेग, वळण आणि गाडीची उंची-रुंदी ठरवतात. बार काढल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. त्यातलं किती पुढच्या चाकाने झेलायचं आणि किती मागच्या, हे मात्र बारवर ठरतं. पुढचा काढला की मागच्या बाहेरच्या चाकावर जादा भार येतो. ताम्हिणी उतरताना वळणावर समोर एसटी आली आणि स्टिअरिंग झटकन फिरवावं लागलं, तर गाडीची मागची बाजू निसटण्याचा धोका वाढलेला असतो. उंच आणि आखूड गाडी सावरायला वेळ देत नाही.

आता रुबिकॉन. पुण्याजवळ रांजणगावला जुळणी होणाऱ्या या गाडीतलं बटण फक्त पुढचा बार सोडतं, आणि वेग ताशी साधारण २९ किलोमीटरच्या वर गेला की बार आपोआप जोडला जातो. म्हणजे ज्यांचा दाखला दिला जातो, ते बार सोडून वेगात जाऊच देत नाहीत.

बार काढलेल्या त्या दोन गाड्यांपैकी एक जिमनी. तिचं पुढचं चाक शेताच्या बांधावरून खाली लोंबकळत असताना मी वाकून पाहिलं. ब्रेकचा होज, म्हणजे ब्रेक ऑइलची रबरी नळी, तारेसारखा ताणला होता, बोटाने दाबला तरी दबेना. अजून दोन बोटं चाक उतरलं असतं तर तो तुटलाच असता. दुसऱ्या बाजूला वर चढलेला टायर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला घासून काळा पट्टा उमटला होता.

बार सोडायचाच असेल तर बारची टोकं चाकांकडे जोडणाऱ्या लिंक पिन काढून सुटणाऱ्या बसवा. सुटी टोकं वर घट्ट बांधा, नाहीतर ती टायरला किंवा होजला लागतात. ट्रेलला जाण्याआधी घरीच एक बाजू जॅकवर उचलून होज किती ताणतो ते बघा. परत जोडताना गाडी सपाट जागी उभी करा; चाकं वर-खाली असली तर पिन भोकात बसत नाही. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. तेवढी मिनिटं डांबर लागायच्या आधी काढा.