जुने रिव्हॉल्व्हर देऊन हलके घ्यावे का? एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

शस्त्रपरवाना असलेल्या मंडळींमध्ये एक सल्ला सध्या हौसेने पुढे पाठवला जातो. घरातले जड, जुने ०.३२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचे इंचातले माप) रिव्हॉल्व्हर देऊन टाका आणि सरकारी कारखान्यांतले हलके रिव्हॉल्व्हर, म्हणजे कानपूरचे ‘निर्भीक’ किंवा ईशापूरचे ‘निडर’ घ्या, असे तो सांगतो. ताकद तीच राहते, वजन कमी होते, जड शस्त्र कपाटात पडून राहते तर हलके पर्समध्येही मावते, महिलांना ते सोपे जाते, डीलर एका दिवसात अदलाबदल करून देतो, आणि तीन शस्त्रे बाळगण्याची मुभा असल्याने जुने सोडवत नसेल तर तेही राहू द्यावे, ही त्यामागची कारणे. यातले एक कारण बऱ्यापैकी खरे आहे. बाकीची अर्धवट आहेत किंवा सरळ चुकीची आहेत.

‘ताकद तीच’ हे विधान निर्भीकपुरते मान्य करता येते, कारण त्यात जुन्या रिव्हॉल्व्हरचेच ०.३२ चे काडतूस चालते. निडर मात्र ०.२२ बोअरचे आहे. त्याची नेहमीची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची, तर ०.३२ च्या लांब काडतुसाची गोळी सहा ग्रॅमहून अधिक वजनाची असते. शिवाय ०.२२ च्या काडतुसात पेटणारे द्रव्य तळाच्या कडेत भरलेले असते आणि असे काडतूस मध्यभागी टोपी असलेल्या काडतुसापेक्षा फुसके निघण्याची शक्यता जास्त असते. स्वसंरक्षण हाच परवान्याचा हेतू असेल तर हा फरक क्षुल्लक म्हणता येणार नाही.

खरा घोटाळा वजनाच्या मुद्द्यात आहे. निर्भीक २०१४ च्या जानेवारीत बाजारात आले, टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळे त्याचे वजन सुमारे ५०० ग्रॅम भरते, आणि सरकारी कारखान्यातल्याच जुन्या ०.३२ चे वजन सुमारे ७०० ग्रॅम आहे. हातात घेताच हा फरक कळतो आणि दुकानातला ग्राहक तिथेच विरघळतो. पण गोळी पुढे जाताना जेवढा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) घेऊन जाते तेवढाच मागे शस्त्राला मिळतो. काडतूस तेच आणि वजन ७०० वरून ५०० वर आले, तर मागे येणाऱ्या शस्त्राचा वेग आणि त्या धक्क्याची ऊर्जा, दोन्ही सुमारे १.४ पट होतात. म्हणजे कंबरेवर वाचवलेले वजन गोळी झाडताना मनगटाकडून वसूल केले जाते. ०.३२ चे काडतूस मुळात सौम्य असल्याने हा धक्का कुणाला इजा करील असे नाही, परंतु दुसरी गोळी नेमकी लागण्यासाठी शस्त्र लवकर स्थिर व्हावे लागते आणि नवशिक्याचे नेमके तिथेच बिघडते.

म्हणूनच ‘महिलांना हलकेच सोपे’ हे समीकरण मला पटत नाही. लहान हाताला सोयीची हवी असते ती मूठ, आणि मूठ व वजन या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. शिवाय शस्त्र हलके झाले म्हणून चाप ओढायला लागणारा जोर घटत नाही. घोडा (काडतुसावर आपटणारा मागचा भाग) आधी मागे न ओढता चाप ओढला तर तो जोर सहज चार-पाच किलोंचा असतो, आणि अर्ध्या किलोच्या वस्तूवर एका बोटाने तेवढा जोर लावताना नळीचे तोंड हलू न देणे हे सरावाचे काम आहे. कानपूरहून २०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबल’ या रिव्हॉल्व्हरचे नावीन्यही बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरमध्ये (काडतुसे भरायच्या फिरत्या भागात) आहे, वजन पुन्हा सातशे ग्रॅमच्या आसपासच ठेवलेले आहे.

शस्त्र हलके करताना नळीही आखूड केली, तर तिचा हिशेबही पाहावा; नळी आखूड झाली की नेम धरायच्या खुणांमधले, म्हणजे साइटमधले, अंतरही घटते. पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये १०० मिलिमीटर अंतर असताना नेम एक मिलिमीटरने चुकला तर सात मीटरवर गोळी सात सेंटिमीटर सरकते. ते अंतर ७० मिलिमीटर झाले की तीच चूक दहा सेंटिमीटरची होते.

आता सल्ल्यातला बऱ्यापैकी खरा मुद्दा. जड शस्त्र शेवटी कपाटात पडून राहते, हे सल्ल्यातले म्हणणे अनुभवाला धरून आहे. ज्याला रात्री-बेरात्री रोकड घेऊन प्रवास करावा लागतो आणि शस्त्र खरोखर अंगावर बाळगावे लागते, त्याच्यासाठी दोनशे ग्रॅमची बचत मोलाची आहे. मात्र ‘पर्समध्येही मावते’ ही जोडओळ धोक्याची आहे. किल्ल्या, पेन आणि नाण्यांच्या गर्दीत होल्स्टरशिवाय (शस्त्राच्या खोळीशिवाय) ठेवलेल्या रिव्हॉल्व्हरचा चाप कशात अडकेल हे सांगता येत नाही. ज्याचे शस्त्र घराबाहेर पडतच नाही, त्याने वजनासाठी अदलाबदल करण्याला मला तरी काही अर्थ दिसत नाही.

एका दिवसात अदलाबदल होते, हे तर मोबाइलच्या दुकानातले गणित झाले. परवान्यावर शस्त्राचा प्रकार, बोअर आणि क्रमांक नोंदलेला असतो, त्यामुळे ०.३२ सोडून ०.२२ घ्यायचे तर आधी परवान्यातच बदल हवा. जुने शस्त्र दुसऱ्या परवानाधारकाला विकायचे असल्यास १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावे लागते. तीन शस्त्रांची मुभाही आता इतिहासजमा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण परवानाधारकाची मर्यादा दोनवर आणली. त्यातच घरातले रिव्हॉल्व्हर आजोबांच्या काळातले विलायती असेल तर अधिकच जपून, कारण सामान्य माणसासाठी अशा शस्त्रांची आयात कित्येक दशके बंद असल्याने त्यांना मोठी किंमत येते, आणि एकदा हातचे गेलेले तसे शस्त्र पुन्हा सहजासहजी मिळत नाही.