देशभक्तीचा हप्ता

१५ ऑगस्ट जवळ आला की साताऱ्यात पोवई नाक्यावर नजर टाकवत नाही. मोबाईलच्या जाहिरातीत तिरंगा, सोफ्याच्या सेलवर तिरंगा, बनियनच्या खोक्यावरसुद्धा तिरंगा! कर्ज काढून दारात गाडी उभी करणं ही देशसेवा कधीपासून झाली? जुनी चांगली पळतेय की! पण भावकीत कुणी मोठी घेतली की बाकीच्यांची झोप उडते. मग हप्ते भरताना पोरीची फी थकते, ते कुणी स्टेटसला ठेवत नाही.

याच मातीत १९४३ साली क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना झुगारून गावागावांत चालवलेला आपला कारभार, उभं राहिलं. कर्जबाजारी होऊ नका म्हणून त्यांनी साधी गांधी-लग्नं लावली. कराडजवळ ओगलेवाडीच्या काच कारखान्यात स्वदेशी म्हणजे भट्टीपुढं घाम गाळून काच आणि कंदील घडवणं होतं, नुसतं विकत घेणं नव्हे! आणि आज त्याच गावांत मांडवासाठी, डीजेसाठी रान गहाण पडतं. कुणाला दाखवायचंय एवढं?