पडायची गाडी

आमच्याकडे गाडी घ्यायची म्हटलं की दोनच प्रश्न असतात. ॲव्हरेज किती देते आणि मागे किती जण बसतात. मी शोधत होतो त्या गाडीची दोन्ही उत्तरं ऐकून मोठेबाबांनी तोंडातला खर्रा थुंकला. "मांगं कोणीच नायी बसत? मंग सून काय पैदल येईन?"

मला रेसिंगच्या ट्रॅकवर चालवायला मोटरसायकल हवी होती. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला एक ट्रॅक आहे, कोइम्बतूरला कारी नावाचा आहे. तिथे पैसे भरायचे, अंगात कातडी सूट चढवायचा आणि दिवसभर तीच ती वळणं घ्यायची. आर्वी तालुक्यात कृषी केंद्र चालवणाऱ्या माणसाला हा नाद कसा लागला ते विचारू नका, गावानं विचारून झालंय. आमच्या भागातला खरा गुळगुळीत रस्ता म्हणजे समृद्धी महामार्ग. ७०१ किलोमीटर, आणि दुचाकीला बंदी! बाकीच्या रस्त्यांवर वळणात कुठून शिरायचं हे खड्डा ठरवतो.

मोठेबाबांना वेगाचं वावडं नाही. ते शंकरपटात बैलजोडी हाकणारे जुने धुरकरी. २०१४ साली बैलांच्या शर्यतींवर बंदी आली तेव्हा घरात सुतक पडल्यासारखे बसले होते. त्यांचं घोडं अडलं ते भलतीकडेच.

"पयला नंबर आला तं काय भेटते?"

"नंबर नसतो, मोठेबाबा. ही शर्यत नाही. आपलं आपण शिकायचं."

"म्हंजे आपलेच पैसे द्याचे, जीव तोडून पळाचं, अन् जिताचं कोणीच नायी?"

यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

पानठेल्यावर वेगळाच ताप. घ्यायचीच तर हजार सीसीची घे, यावर तिथे सर्वपक्षीय एकमत. एकानं मोबाईलवर रंगसुद्धा पसंत करून ठेवला. आता नवशिक्यानं हजार सीसीवर बसायचं तर सरळ पट्ट्यात सगळं काम गाडीच करते, माणूस नुसता धरून बसतो. आणि वळण आलं की घाबरून इतका हळू होतो की बैलबंडीनं ओव्हरटेक करावं. लहान गाडीत ही लपवाछपवी चालत नाही. वळणात घालवलेला वेग १५५ सीसीचं इंजिन लगेच परत आणून देत नाही, त्यामुळे ब्रेक कुठे सोडायचा, नजर कुठे ठेवायची, हे मुकाट शिकावं लागतं. हे सगळं मी पानठेल्यावर समजावून सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकलं. मग एक पोट्टा म्हणाला, "भाऊ, पैसे कमी पडून राह्यले म्हणा ना सरळ."

तेही खोटं नव्हतं. कावासाकीची निंजा ३०० दोन सिलिंडरची, मनात भरलेली, पण कापसाच्या चुकाऱ्यात बसेना. केटीएमची आरसी ३९० नावाला ३९०, इंजिन ३७३ सीसीचं, तरी पहिल्या गाडीला जरा जास्तच तिखट. राहिली आर-१५. हलकी, रेडिएटरवाली, आणि यामाहानं तिच्या शर्यती भरवल्यामुळे ट्रॅकवर मुरलेली.

पण खरा निकष किमतीचा नाही, पडण्याचा. ट्रॅकवर आज ना उद्या गाडी आडवी होणार, आणि नेहमीच्या विम्यातून शर्यत, वेगचाचणी वगळलेली असते. म्हणून उद्या चुरा झाली तरी घरची चूल पेटती राहील, तीच आपली गाडी. हे तत्त्व मी स्वयंपाकघरात मोठ्यानं बोललो. "पडली तरी चालेल अशी पाहून राहिलो," एवढंच. आईनं पोळी तव्यावर तशीच ठेवून शेजार गाठला.

मग नागपूरचा जुन्या गाड्यांचा बाजार. "डॉक्टरसाहेबांची गाडी आहे, घर ते दवाखाना, बस." सायलेन्सर एका अंगानं घासलेला, शॉकअपमधून तेल गळतंय, हँडल सरळ धरलं की चाक उमरेडकडे बघतंय. डॉक्टरसाहेब रोज घसरतच दवाखान्यात पोचत असावेत, निदान पेशंट म्हणून तरी.

शेवटी एका पोराकडे ट्रॅकसाठीच तयार केलेली आर-१५ सापडली. हेडलाईट, आरसे, स्टँड सगळं काढलेलं. फायबरची बॉडी. ऑइलचा नट सुटू नये म्हणून तारेनं बांधलेला. रेडिएटरात कूलंटऐवजी साधं पाणी, कारण कूलंट सांडलं की ट्रॅक निसरडा होतो आणि मागचे एकेक करून झोपतात. हा सगळा खर्च आधीच्या मालकाच्या खिशातून झालेला, यापेक्षा गोड गोष्ट सेकंडहँड बाजारात नसते.

अशी गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, म्हणून छोटा हत्ती केला. गावात शिरलो तेव्हा संध्याकाळ, सगळे पारावर. मागे हेडलाईट नसलेली, आरसे नसलेली, दोरखंडानं बांधलेली गाडी. पुढे ड्रायव्हरशेजारी भाड्याचा हिशोब करत गप्प बसलेला मी. अर्ध्या तासात अंगण भरलं. "कुठं झालं?" "समोरचा थांबला का पळाला?" शेजारच्या काकू हळदीचं दूध घेऊन आल्या आणि ते मला प्यावंही लागलं. आईनं खुर्च्या काढल्या. समजावून समजावून माझा घसा बसला, तेव्हा मोठेबाबांनी दारात खाट टाकली आणि येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःच सांगायला घेतलं.

"नायी नायी, अजून पडला नायी. पडाले चेन्नईले जाणार हाय."