'अठरा झाली ना, आता बाहेर पडा' वाल्या फॉरवर्डला उत्तर

सोसायटीच्या ग्रुपवर परवा तो मेसेज परत आला, तिसऱ्यांदा. वरच्या मजल्यावरच्या काकांनी टाकला आणि खाली सोळा अंगठे. तुमच्याकडेही आला असेल, नसेल तर थोडक्यात सांगतो: अनाथाश्रमातल्या पोरांना सरकार अठरा वर्षं फुकट सांभाळतं, वर महिना चार हजार देतं, वर नोकरीत एक टक्का आरक्षण, आणि तरी एनजीओवाले रडतात की पोरं रस्त्यावर आली. अठरा म्हणजे सज्ञान, आम्ही त्या वयात कमावत होतो, अजून पोसाल तर ऐतखाऊ होतील, नातेवाईक असतात त्यांच्याकडे पाठवा. संपलं.

मी गेली सहा वर्षं रविवारी एका मुलांच्या बालगृहात गणित शिकवायला जातो. गणित कमी, फॉर्म भरणं जास्त. त्यामुळे काका, एकेक मुद्दा घेऊ.

'अठरा वर्षं सांभाळतं'

पहिलं म्हणजे तिथली बरीच पोरं पाळण्यापासून तिथे नसतात. कोणी बाराव्या वर्षी येतं, कोणी पंधराव्या, स्टेशनवर सापडून किंवा घरातल्या माराला कंटाळून पळून आलेलं. अशा पोराला संस्था मिळते तीन ते सहा वर्षं, त्यातलं पहिलं वर्ष नुसतं शाळेत परत बसवण्यात जातं.

दुसरं, हे 'अठरा' मोजतं कोण? कायद्याप्रमाणे आधी शाळेत लिहिलेली तारीख. आणि आपल्याकडे शाळेतली तारीख म्हणजे काय ते तुम्हालाही माहितीये, तुमच्या पिढीत अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो. शाळेचं बोर्डाचं काहीच नसेल आणि पालिकेचा ग्रामपंचायतीचा दाखलाही नसेल तर हाडांची तपासणी, जी वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे होऊ शकते. म्हणजे अंदाजाने पडलेली तारीख, पण बाहेर काढताना मात्र अगदी पक्की.

आता हा १ जून बघा कुठे येतो. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, निकाल मे महिन्यात, अॅडमिशनची धावपळ जून-जुलैत. तुमच्या नातवाच्या वेळी त्या दोन महिन्यांत घरातली चार माणसं कामाला लागली होती, लिफ्टमध्ये तुम्हीच सांगत होतात की कटऑफ बघून बघून बीपी वाढलं. आमचं पोरगं नेमकं त्याच आठवड्यात पत्र्याची पेटी घेऊन गेटबाहेर उभं असतं आणि त्याला आधी रात्री झोपायचं कुठे ते बघायचं असतं, कटऑफ नंतर.

'महिना चार हजार मिळतात'

मिळतात नाही, मिळू शकतात. हा फरक मी उगाच शब्दाचा कीस काढायला सांगत नाहीये. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम ४६ आहे, संस्था सोडणाऱ्या मुलाला आर्थिक मदत देण्याबद्दल. त्याच्या इंग्रजी मजकुरात शब्द 'मे' आहे, 'शॅल' नाही. देता येईल, द्यावंच असं नाही. वय २१ पर्यंत आणि २०१६ च्या नियमांप्रमाणे अगदीच गरज असेल तर अजून दोन वर्षं, म्हणजे २३. चार हजारांचा आकडा मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेचा, २०२२ पासूनचा. इथपर्यंत खरंच बरोबर आहे तुमचं.

पण तो आपोआप चालू होत नाही. प्रस्ताव जायला लागतो, बाल कल्याण समितीचा, म्हणजे अशा मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीचा, आदेश लागतो, जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे फाइल लागते, आणि निधी आलेला लागतो. आमच्या एका पोराची फाइल हलायला आठ महिने लागले, तोपर्यंत त्याने सिक्युरिटीची रात्रपाळी धरली आणि आयटीआय सोडलं. पैसे आले तेव्हा आयटीआय नव्हतंच. आणि पुण्यात चार हजारात काय येतं? त्याची कॉटबेसिसची कॉट साडेतीन हजार होती, मेस तीन हजार. हे फक्त झोपणं आणि जेवण, अजून बसचा पास, मोबाइल रिचार्ज, फी काही धरलेलं नाही.

अनुरक्षणगृह म्हणून एक सोय असते, अठरानंतर राहायची. असते, पण प्रत्येक जिल्ह्यात नाही, आणि जिथे आहे तिथे पोराचं कॉलेज असेलच असं नाही.

'एक टक्का आरक्षण आहे की'

हे आरक्षण कसं आलं ते फॉरवर्डमध्ये नाही, म्हणून सांगतो. अमृता करवंदे नावाची मुलगी, गोव्यातल्या संस्थेत वाढलेली. अठराव्या वर्षी बाहेर पडावं लागलं, पुण्यात आली, मिळेल ते काम करत शिकली, एमपीएससी दिली. मार्क मिळाले ३९ टक्के. नॉन क्रिमिलेअरवाल्यांचा कटऑफ होता ३५ आणि क्रिमिलेअरचा ४६. आता ज्या मुलीला आईबापच माहीत नाहीत तिने आईबापाच्या उत्पन्नाचा दाखला आणायचा कुठून? दाखला नाही म्हणून ती धरली गेली क्रिमिलेअरमध्ये, म्हणजे खात्यापित्या घरची. तिने त्यासाठी पाठपुरावा केला आणि मग २०१८ मध्ये सरकारने अनाथांसाठी एक टक्का केला. पास व्हायचे मार्क होते, दाखला नव्हता. माझ्या मते या अख्ख्या विषयाचं सार एवढंच आहे.

आणि हे आरक्षण अनाथांसाठी आहे, संस्थेतल्या सगळ्यांसाठी नाही. तुम्हाला वाटतं बालगृहात सगळे अनाथ असतात. केंद्र सरकारने २०१६-१७ मध्ये देशातल्या साडेनऊ हजारावर संस्थांची पाहणी करवून घेतली होती, त्यात मुलं निघाली पावणेचार लाखांच्या आसपास आणि अनाथ त्यातले साधारण ४२ हजार. एकट्या आईची नाहीतर एकट्या बापाची मुलं एक लाख वीस हजार. म्हणजे आई मनोरुग्णालयात आहे, बाप जेलमध्ये आहे, असल्या पोराला अनाथ प्रमाणपत्र मिळत नाही. कागदावर त्याला घर आहे. आणि ज्याला प्रमाणपत्र मिळतं त्यालाही एमपीएससीचा अभ्यास करायला दोन-तीन वर्षं कुठेतरी राहायला लागतंच ना?

'नातेवाईकांकडे पाठवा'

ते नातेवाईक धड असते तर पोरगं संस्थेत कशाला आलं असतं. पुढे.

'आम्ही त्या वयात कमावत होतो, पोसलं तर ऐतखाऊ होतील'

काका, तुम्ही कमावत होतात, मान्य. पण राहत होतात मामांकडे, लालबागला, हे तुम्हीच गणपतीत सांगितलंय. पगार आईच्या हातात देत होतात म्हणजे जेवण आईच्या हातचं होतं. आणि तुमचा स्वतःचा मुलगा २६ व्या वर्षापर्यंत घरीच होता, त्याला कोणी ऐतखाऊ म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

सरकारलासुद्धा हे कळतं. कोविडमध्ये आईवडील गेलेल्या मुलांसाठी २०२१ मध्ये पीएम केअर्सची योजना आणली, त्यात १८ ते २३ दरमहा विद्यावेतन आणि २३ पूर्ण झाल्यावर दहा लाख. तेव्हा कोणी म्हटलं नाही की अठराला बाहेर काढा. योग्यच केलं. पण मग ज्याचे आईवडील कोविडऐवजी टीबीने गेले तो अठराव्या वर्षी जास्त मोठा होतो का?

बाहेरचं बघायचं तर अमेरिकेत इलिनॉय, आयोवा आणि विस्कॉन्सिन अशा तीन राज्यांतल्या फॉस्टर केअरमधल्या, म्हणजे घरच्यांपासून काढून सरकारी व्यवस्थेत ठेवलेल्या, पोरांचा अनेक वर्षं मागोवा घेतला होता. इलिनॉयमध्ये २१ पर्यंत राहता यायचं, बाकी दोन ठिकाणी साधारण अठरालाच बाहेर. एकोणिसाव्या वर्षी बघितलं तर जी पोरं व्यवस्थेत टिकून होती त्यांच्यात शिक्षण चालू असलेली कितीतरी जास्त. पोसलं म्हणून आळशी झाली असं काही निघालं नाही. इंग्लंडमध्ये तर अशा मुलांना २५ पर्यंत एक ठरावीक सल्लागार देतात, ज्याला फोन करता येतो. मला विचाराल तर चार हजारांपेक्षा तो फोन नंबर जास्त कामाचा.

एक गोष्ट फॉरवर्डच्या बाजूने पण सांगतो. काही पोरांना स्वतःलाच राहायचं नसतं. दहा वर्षं घंटेवर उठायचं, घंटेवर जेवायचं, गेटवर सही करून बाहेर जायचं, याला वैतागलेली असतात आणि अठरा कधी होतात याची वाट बघतात. पण सहा महिन्यांनी त्यातलाच एक मला रात्री साडेअकराला फोन करतो की सर, गॅस सिलिंडर कसा नंबर लावायचा. संस्थेत पन्नास जणांचा स्वयंपाक मावशी करायच्या, याने कधी गॅस पेटवलेला नव्हता.

फॉरवर्डमध्ये नसलेला मुद्दा

नियम असा आहे की मूल बाहेर पडायच्या दोन महिने आधी त्याचा पुढचा प्लॅन तयार करून समितीपुढे ठेवायचा. दोन महिने! चांगल्या संस्था सोळाव्या वर्षापासून सुरू करतात, पण मी असेही प्लॅन बघितलेत की 'मुलगा हॉटेल लाइनमध्ये काम करण्यास इच्छुक आहे' एवढी एक ओळ. मुलींच्या बाबतीत तर प्लॅन म्हणजे स्थळ बघून ठेवलंय, असं मी दोनदा ऐकलंय.

आणि कागद. गेल्या वर्षी एक पोरगं बाहेर पडलं, आधार होतं, बँक खातं होतं, सगळं नीट, आम्हाला वाटलं सुटलो. मग स्कॉलरशिपच्या फॉर्मला ओटीपी आला. आला म्हणजे कुठे, तर आधारला जो मोबाइल नंबर जोडलेला होता तो जुन्या अधीक्षकांचा, ते बदली होऊन दुसऱ्या जिल्ह्यात आणि तो नंबर बंद. नंबर बदलायला आधार केंद्र, तिथे अर्धा दिवस, तो होईपर्यंत फॉर्मची तारीख गेली. पत्ता बालगृहाचा, जिथे तो आता राहत नाही, आणि नवा पत्ता लावायला भाडेकरार पाहिजे, आणि भाडेकरार करायला मालक म्हणतो गावाकडचा पत्ता दे, वडिलांचा नंबर दे, पोलीस व्हेरिफिकेशन करायचंय. वडिलांचा नंबर. मी माझा दिला.

ही कामं सोळाव्या वर्षी बसून केली तर फार खर्च नाही. स्वतःचं सिम, त्याच्या हातात पासबुक, डोमिसाइल, लागू असेल तर अनाथ प्रमाणपत्र, सगळ्याची एक फाइल जी अधीक्षकांच्या कपाटात नाही तर पोराकडे, आणि वर्षभर आधी त्याला बाजारात पाठवून आठवड्याचा किराणा आणायला लावणं.

यंदा आमच्याकडे चौघांची तारीख १ जून आहे. एकाला इंजिनिअरिंग डिप्लोमा करायचाय, दोघांना आयटीआय, चौथ्याचं अजून काही ठरत नाहीये, तो फक्त क्रिकेट म्हणतो. चौघांना मिळून एक टू बीएचके बघतोय. काका, तुमचा बी विंगमधला फ्लॅट तीन महिने रिकामा आहे. गेटवर पाटी लावलीये, 'फक्त फॅमिली, बॅचलर नको'. डिपॉझिट आम्ही जमवलंय, करारावर सही माझी असेल. संध्याकाळी वर येऊ का बोलायला?