अंतर विचारणारं पोस्ट

वारस नोंदीचे कागद होते. सही आत्याची हवी आणि आत्या लांब गडचिरोलीतल्या भामरागडला. पाकीट घेऊन पोस्टात गेलो, खिडकीवर सवयीने म्हणालो, "रजिस्टर करायचंय." आतली मुलगी म्हणाली, "काका, रजिस्टर बंद झालं की. आता स्पीडपोस्ट."

बातमी वाचली होती. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीडपोस्टात विलीन. पण जीभ जुनीच. तिने पाकीट काट्यावर ठेवलं, पिनकोड टाकला, आकडा सांगितला. माझ्या मागच्या गृहस्थांचं पाकीट साधारण तेवढंच जाड, पण जायचं शेजारच्या तालुक्याला. त्यांना माझ्यापेक्षा कमी पैसे पडले.

तुम्ही म्हणाल, यात काय नवल? एस.टी.चं तिकीटही लांबच्या गावाला जास्तच. बरोबर. पण टपाल म्हणजे एस.टी. नव्हे, हे आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांपूर्वी ठरलं होतं.

त्याआधी कंपनी सरकार अंतर मोजूनच पैसे घेई. कलकत्त्याहून मुंबईला तोळाभर पत्राला एक रुपया! १ ऑक्टोबर १८५४ पासून नवा दर आला : पाव तोळ्याला अर्धा आणा, मग पत्र शेजारच्या गावी जावो की पेशावरला. तिकीट पाठवणाऱ्याने आधी लावायचं. नाही लावलं तर घेणाऱ्याला दुप्पट भुर्दंड. आपल्या घराघरांत ज्याला 'नॉटपेड' म्हणायचे ते हेच. इंग्रजांनी हा काही धर्मादाय केला नव्हता. त्यांना राज्य हाकायचं होतं. पण लांब राहणं हा पत्र पाठवणाऱ्याचा गुन्हा नाही, एवढं त्या दरात आपोआप मान्य झालं. पुढे १८७९ मध्ये एका पैशाचं कार्ड आलं, पुढच्याच वर्षी मनिऑर्डर.

आमचं घर त्या मनिऑर्डरवर चाललं. आजोबा गिरणीत, लालबागला दहा जणांच्या खोलीत, आजी कोकणात. पोस्टमन ओटीवर बसून नोटा मोजी, आजीचा अंगठा घेई आणि कुपनावरचा मजकूर वाचून दाखवी. "प्रकृतीस जपणे. गाय विकू नये." एवढंच. आजी ते दोनदा वाचायला लावी. मनिऑर्डरचं कमिशन गरिबाला जडच होतं, उगाच गोडवे गात नाही. आणि कोपरा फाडलेलं, म्हणजे कुणी गेल्याचं कार्ड दिसलं की तोच पोस्टमन दारातून हाक मारायचा नाही, आधी शेजारच्या काकूंकडे जायचा.

पिनकोडचंही बघा. श्रीराम भिकाजी वेलणकर, आपले मराठी गृहस्थ, संस्कृतचे पंडित, टपाल खात्यात मोठ्या हुद्द्यावर. नांदगाव, वडगाव, पिंपळगाव नावाची गावं किती आहेत, मोजून दाखवा! शिवाय पत्ते लिहिणार नाना लिप्यांत. त्यावर १५ ऑगस्ट १९७२ ला वेलणकरांचा सहा आकड्यांचा तोडगा लागू झाला. पत्र हरवू नये म्हणून काढलेला तो आकडा आता माझ्याकडून किलोमीटरचे पैसे वसूल करतो. वेलणकरांना हे गमतीचं वाटलं असतं की नाही, कोण जाणे.

"खातं तोट्यात आहे" हे उत्तर मला पाठ आहे. आहेच तोट्यात. देशात दीड लाखाहून जास्त पोस्टं, त्यातली बहुतेक खेड्यांत. पन्नास पैशांच्या कार्डावर त्यांचा खर्च कसा निघणार? पण कुरियरवाले जिथे जायला नाही म्हणतात तिथेही यांना जावंच लागतं. ते काम करतो ग्रामीण डाक सेवक. बऱ्याचदा स्वतःच्याच घरात किंवा दुकानात टेबल टाकून, आणि वर्षानुवर्षं काम करूनही खात्यातल्या नियमित कर्मचाऱ्याचा दर्जा नाही. तोटा मोजायचाच असेल तर त्याने अंगावर घेतलेलाही मोजा. रस्ता तोट्यात गेला असं कुणी म्हणत नाही, मग टपालालाच हा हिशेब का?

पोस्टाच्या गलथानपणाचे अनुभव मलाही आहेत, कमेंटमध्ये सांगू नका. स्पीडपोस्ट लवकर पोचतं, मोबाइलवर कळतं, हेही मान्य. तो दरही एकच ठेवता आला असता, एवढंच म्हणणं आहे.

कागद पोचले. आत्याचा फोन आला, सही कुठे करायची म्हणून. ते पाकिटात लिहायचं राहिलं होतं. मग साधं पत्र टाकलं, पाच रुपयांचं तिकीट लावून. त्याला अजून अंतर विचारत नाहीत.