सायकल चालवा, पण कुणाला दिसू देऊ नका

छत्रपती संभाजीनगरात चारचाकी असलेल्या माणसाने सायकलवर दिसणं म्हणजे घरावर जप्तीची नोटीस लावून घेण्यासारखं आहे. खरं वाटत नसेल तर उद्या सकाळी जालना रोडवर सायकल काढून बघा. सिडकोपासून क्रांती चौकापर्यंत किमान तिघे गाडी हळू करतील. पहिला विचारील, "गाडी सर्व्हिसिंगला टाकली का?" दुसरा म्हणेल, "सोडू का कुठं?" तिसरा काहीच बोलणार नाही, पण संध्याकाळी त्याच्या बायकोचा तुमच्या घरी फोन येईल, "वहिनी, सगळं बरं आहे ना? भाऊजी सायकलवर दिसले."

म्हणून डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितलीच असेल, तर ती खोलीत चालवा. दार लावून, दिवे मालवून, एसी सोळावर ठेवून. आता त्यासाठी स्टुडिओ निघालेत. व्यायामशाळा म्हणायचं नाही. तिथं मुद्गल असतात, घामाचा वास असतो आणि फी परवडते. स्टुडिओच्या फीमध्ये दोन-तीन महिन्यांत एक बरी सायकल येईल, हा हिशेब मनातसुद्धा करू नका. सायकल काय, कुणीही विकत घेतं.

जाताना गाडीच न्या. स्टुडिओ घरापासून दोन गल्ल्यांवर असला तरी. चालत गेलात तर आत शिरण्याआधीच व्यायाम होईल, आणि त्याची पावती कुणी देत नाही.

कपड्यांत कसूर नको. बुडाला गादी शिवलेली चड्डी मिळते, ती घ्या. लहानपणी घरच्या सायकलच्या दांड्यावर बसताना अशी गादी असती तर आपण शाळेत पहिले आलो असतो. सीटची उंची कमरेच्या हाडाशी जुळवून देतात. पाय खाली जाताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. ही गोष्ट मात्र नीट करून घ्या, टवाळी नंतर करू.

मग बूट. त्यांच्या तळव्याला धातूची पट्टी असते आणि ती पेडलमध्ये खट्‌ करून अडकते. अडकवायला एक सेकंद लागतो. सोडवायला टाच बाहेरच्या अंगाला झटकायची असते, हे तुम्हाला उतरताना सांगतात. तोवर तुम्ही गोठ्यात बांधलेल्या जनावरासारखे मान वळवून दाराकडे बघत बसा.

ही सायकल कशी असते, हे मी पैठण गेटजवळच्या आमच्या पंक्चरवाल्या चाचांना समजावून सांगायला गेलो होतो. मागचं चाक नाही, म्हटलं. पुढे एक जड लोखंडी चाक, त्याला खुंटी, खुंटी पिळली की चाक जड होतं. चाचांनी मान डोलावली. ब्रेक? तीच खुंटी दाबायची. मान डोलावली. मग मी म्हटलं, फ्रीव्हील नसतं. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार, आपण थांबलो तरी पाय थांबणार नाहीत. चाचांनी पाना खाली ठेवला. "फ्रीव्हीलच नै? फिर उतार पे पावां कां रखते जी?"

मी म्हटलं, "चाचा, उतारच नै उसमें."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मला स्टुडिओत नंतर फार उपयोगी पडली.

कारण बघा, दौलताबादचा घाट चढताना दम लागला तर सीताफळवालीजवळ टेकता येतं, आणि परत येताना तोच घाट फुकटात तुम्हाला घरी आणून सोडतो. पाय स्थिर, शर्टात वारा. स्टुडिओत सगळा चढ. तोही दिसत नाही, फक्त ऐकू येतो. "डोंगर आला गाइज, टर्न इट अप!" असं शिकवणारा पोरगा तोंडाला माइक लावून ओरडतो आणि पन्नास माणसांच्या लग्नाला पुरेल एवढा डीजे वाजतो. तुम्ही खुंटी पिळल्याचा अभिनय करा. अंधार असतो, सगळे तेच करतात. पोरगा मूळचा जिंतूरकडचा, इंग्रजीत उत्साही असतो, पण कुणी थांबलं की माइकमधून अस्सल गाव बाहेर पडतं, "ओ काका, कामून थांबले?"

सपाटीला मिनिटाला पेडलचे ८० ते ११० फेरे आणि चढाला ६० ते ८०, असा साधारण कायदा आहे. आकडा समोर पडद्यावर दिसतो. शेजारणीचाही दिसतो. तिच्याकडे बघू नका. ती रोज येते.

जागचं हलत नाही म्हणून या सायकलीला नावं ठेवणाऱ्यांना आपली पाणचक्की दाखवा. तिचं चाक तरी कुठं गावाला गेलं? डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नळातून यायचं, चाक तिथल्या तिथं फिरायचं, आणि आज लोक तिकीट काढून बघायला येतात. तिथं पीठ निघायचं, एवढाच काय तो फरक. तुमच्यातून जे निघतं ते पुसायला टॉवेल देतात.

पुरेसं ज्ञान झाडता यावं म्हणून थोडा इतिहासही पाठ करा. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या आणि कॅलिफोर्नियात राहणाऱ्या जॉनी गोल्डबर्ग या सायकलपटूने १९८०च्या दशकाच्या अखेरीस अशी सायकल स्वतःसाठी बनवली. त्याला 'रेस अक्रॉस अमेरिका'ची तयारी करायची होती. ही शर्यत म्हणजे अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर. आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ती एकट्याने पुरी केली. रात्री रस्त्यावर सराव करणं धोक्याचं, म्हणून गोल्डबर्ग घरात पेडल मारायचा. पुढे १९९४च्या सुमारास त्याची कंपनी झाली आणि 'स्पिनिंग' हे नाव तिने नोंदवून टाकलं; म्हणून बाकीच्यांच्या पाटीवर 'इनडोअर सायकलिंग' असतं. थोडक्यात, त्या भल्या माणसाला नंतर बाहेर जायचं होतं. हा भाग सांगताना गाळा.

एक सल्ला मात्र सरळ वाचा, यात उपरोध नाही. पहिल्याच दिवशी पंचेचाळीस मिनिटं जिवाच्या आकांताने पेडल मारू नका. सवय नसलेल्या मांड्यांचे स्नायू अतिताणाने फुटतात, त्यातलं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडांवर जातं. रॅब्डोमायोलिसिस म्हणतात त्याला. पहिल्याच क्लासनंतर दवाखान्यात भरती झालेल्यांची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत आहे. एक-दोन दिवसांनी मांड्या दगडासारख्या सुजल्या आणि लघवी काळ्या चहासारखी झाली तर गुगल करत बसू नका, डॉक्टर गाठा. पोरगा कितीही ओरडला तरी खुंटी तुमच्या हातात आहे.

तर, संपल्यावर पडदा सांगतो की तुम्ही अमुक इतके उष्मांक जाळले. तो आकडा अंदाजाचा असतो, पण त्याचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाका. जे जळलं ते गुलमंडीवर इमरती खाऊन भरून काढा. दोन खाल्ल्या तरी चालतील, पडदा उदार आहे.

आणि क्लासचा वार ठरवताना नळाचा वार आधी बघा, हे मी अनुभवाने सांगतो. आपल्याकडे पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी ते तुमच्या मांड्यांची विचारपूस करत नाही. मी घरी पोचलो तर हौद भरलेला, मोटर बसलेली आणि दुसऱ्या मजल्यावर बायको गॅलरीत उभी. दोन बादल्या उचलल्या. तिसऱ्या पायरीवर उजवा हात बादली सोडून गुडघ्यांच्या मधे खुंटी शोधायला लागला.

मागून जारवाला आला. त्याची सायकल खाली लावलेली, खांद्यावर वीस लिटरचा जार. तो माझ्या मागे दोन पायऱ्या थांबला, तीन थांबला, मग म्हणाला,

"काका, द्या एक बादली इकडं. सोडू का वर?"