दुष्फेन

शाळेच्या पुस्तकात ‘दुष्फेन पाणी’ हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा ते दुष्यंताच्या धाकट्या भावाचं नाव वाटलं होतं. पंचवीस वर्षांनी हा भाऊ बोअरमधून वर येऊन आमच्या बाथरूममध्ये उगवला.

नव्या फ्लॅटमध्ये पहिल्याच दिवशी साबण घासून घासून अर्धा झाला, पण फेस येईना. बादलीत पांढरा चिकट साका तेवढा जमला. पाण्यातलं कॅल्शियम साबणाला वाटेतच गाठतं आणि दोघं मिळून हा साका करतात. अंगाला लावायला काही उरत नाही. आठवडाभरात बायकोचे केस नारळाच्या शेंडीसारखे झाले. फ्लॅट मी पसंत केला होता, हे तिला तेव्हाच आठवलं.

मग कोकणातून आई आली. तिने नळाला फडकं बांधलं. दुसऱ्या दिवशी पाण्यात तुरटी फिरवली. गावच्या विहिरीला पावसाळ्यात हे औषध लागू पडतं, कारण तिथे माती तरंगत असते. आमचं पाणी दिसायला काचेसारखं.

“अगं आई, हे विरघळलेलं आहे. चहातली साखर फडक्याने गाळता येते का?”

“मग उकळ.”

आई बरोबर होती, हेच दुखणं. उकळलं की विरघळलेलं बायकार्बोनेट मोडतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कार्बोनेटचा पांढरा गाळ बसतो. पण सल्फेट, क्लोराइड उकळीला भीक घालत नाहीत. आमच्याकडे सगळीच मंडळी मुक्कामाला होती. पातेल्याला आतून फुकटची कल्हई झाली, तूरडाळ मात्र सहा शिट्ट्यांनंतरही दाणा न् दाणा वेगळा ठेवून होती.

सॉफ्टनर विकणाऱ्याने पेल्यात मीटर बुडवला. आकडा १,१४०. भारतीय मानकाप्रमाणे विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरीकडून पाणी मिळतच नसेल तर २,००० पर्यंत चालतात. यातला दुसरा भाग बिल्डरला तोंडपाठ होता.

दिवाळीच्या तोंडावर गिझर बंद पडला. दुरुस्तीवाल्याने कॉइल बाहेर काढली तर ती मनगटाएवढी जाड, पांढरीशुभ्र. त्याने पान्याने ठोकून खपल्या पाडल्या. आईने त्यातली एक उचलून बशीत ठेवली आणि वर लिंबू पिळलं. चुरचुर आवाज झाला, बुडबुडे आले.

“बघ,” आई म्हणाली, “आला की नाही फेस?”